कार्ल्याला जाऊन आले

कामशेतच्या बाजारात तांदळाच्या दुकानापुढे उभ्या राहून अनघाबाई इंद्रायणीचे चार दाणे तळहातावर चोळून वास घेत होत्या, एवढ्यात कुणीतरी खाली वाकलं आणि त्यांच्या पायांना हात लावला. त्या अशा दचकल्या की दाणे उडाले. दुकानदार म्हणाला, "बाई, पेरायला अजून अवकाश आहे." एरवी अनघाबाईंनी त्याला व्याजासकट उत्तर दिलं असतं. पण वाकलेली बाई आता उभी राहिली होती, तिचे डोळे भरले होते, आणि निम्म्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणत होती, "बाई, लय केलंत वो तुमी. सख्खी लेक करनार न्हाई एवढं केलंत." चेहरा ओळखीचा होता. कार्ल्याची नंदाबाई. हायवेच्या कडेला हिची उसाच्या रसाची टपरी. महिन्याभरापूर्वी एका रविवारी ही लोणावळ्याच्या देवळात आली होती (ख्रिस्ती जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यासाठी प्रार्थना मागून गेली होती. "मी काय केलं?" अनघाबाई म्हणाल्या. नंदाबाई पदराने डोळे पुसत हसली. "करून सवरून वर इचारताय व्हय! म्हाताऱ्याची खाट तुमी खिडकीशी घ्याया लावली, तवापास्नं त्याला डोळ्याला डोळा लागतोय. कडुनिंबाच्या पान्यानं पाय धुता, तर वास निम्मा गेला. आन धुताना ते गानं म्हनता न्हवं का, ते आता मला बी भाकरी थापताना तोंडात येतं. काल तर एवढ्या उन्हाच्या आलता. च्या सुदिक घेतला न्हाई." अनघाबाईंच्या तळहाताला तांदळाची पांढरी भुकटी चिकटली होती. ती झटकायचं त्यांना सुचलं नाही. कारण अनघाबाई कार्ल्याला कधी गेल्याच नव्हत्या.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून त्यांनी हे प्रकरण सवयीप्रमाणे मांडून बघितलं. उभा जन्म रेल्वेच्या बुकिंग खिडकीमागे काढलेली बाई; खिडकीच्या त्या भोकातून माणूस दिसतो तो छातीपासून वर, आणि एक हात. तेवढ्यावर त्या माणसाचा ताळेबंद काढत आणि सहसा चुकत नसत. नोट बारीक घडी करून देणारा संशयी. 'एक पुणे' म्हणताना मागे वळून बघणारा घरी न सांगता निघालेला. तिकीट घेऊन थँक्यू म्हणणारा इकडे नवीनच बदलून आलेला, महिन्याभरात सुधारेल. निवृत्त झाल्या तरी डोळ्यापुढची खिडकी काही गेली नव्हती. रविवारी मागच्या बाकावर बसून त्या सगळ्या मंडळीची जमा-नावे मनातल्या मनात लिहीत: शमुवेलभाऊंची प्रार्थना लांबली म्हणजे आठवडाभर बायकोशी वाजलेलं आहे, सारिकाबाई दानाच्या थैलीत कोपरापर्यंत हात घालतात म्हणजे आत फारसं काही पडत नाही. स्वतःचं पान मात्र कोरं ठेवलं होतं. वाणी कधी स्वतःच्या तराजूत बसतो का? आणि आता नंदाबाईचा चेहरा त्यांनी तराजूत घातला, उलटासुलटा करून बघितला, तर काटा एका बाजूला जाऊन टेकला तो हलेना. ही बाई खोटं बोलत नव्हती.

खोटं बोलणारं माणूस दुसरंच होतं, आणि ते लोकलच्या काचेत मळवलीच्या माळावरून तरंगत चाललं होतं. झालं होतं ते इतकं साधं होतं की त्याला खोटं म्हणायचंही जिवावर यावं. राखेच्या बुधवारानंतरचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, पहिला रविवार. डोंगरावरच्या वणव्यांची राख वाऱ्याबरोबर उडत देवळाच्या खिडक्यांतून आत येत होती, आणि पाळकसाहेब, सुहास त्यांचं नाव, वय कोवळं, आवाज पोक्त, म्हणत होते की उपवासकाळ हा मटण सोडण्याचा काळ नसून चालण्याचा काळ आहे. ज्याला गुरू म्हणता त्याच्या मागे पायांनी जायचं असतं, तोंडाने नव्हे. तेवढ्यात मागे दारापाशी नंदाबाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कागदात गुंडाळलेला उदबत्तीचा पुडा. तो इथे कुणाला द्यायचा हे तिला कळत नव्हतं. म्हणाली, "सासरा निजून हाय. अंबाजी नाव. साखरंनं पाय सडायला लागल्यात, वासानं कोन जवळ बसत न्हाई. त्यो म्हनतो, याकोब गँगमनच्या देवाला सांगून बग." याकोब गँगमन हे नाव देवळात पडलं तशा सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या, कारण याकोब गँगमनची मुलगी तिथे बसली होती; आणि पाळकसाहेबांनी "कोण जाईल?" विचारायच्या आत अनघाबाईंचा हात वर झाला. हात खिडकीतल्या बाईचा. त्याला पुढे व्हायची सवयच होती. "मी जाते," त्या म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी त्या निघाल्याही. बसच्या थांब्यापर्यंत गेल्या. तिथे उभ्या असताना त्यांच्या नाकात, काही कारण नसताना, पायाचा वास भरला. उन्हं तापली होती, बस भरलेली आली, तिला त्यांनी हात केला नाही, आणि वाटेत मोसंबी घेऊन घरी आल्या. आजाऱ्यासाठी घेतलेली मोसंबी त्यांनीच खाल्ली. निदान ती तरी वाया गेली नाहीत. रविवारी साक्षीची वेळ झाली. या मंडळीत तशी रीत आहे: आठवड्यात देवाने हातून काय करवून घेतलं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. पाळकसाहेबांनी विचारलं, "अनघाबाई, कार्ल्याला?" आणि अनघाबाई म्हणाल्या, "जाऊन आले." एवढ्यावर थांबता आलं असतं. पण नुसतं 'जाऊन आले' हे तिकीट बिनशिक्क्याचं वाटतं, म्हणून त्यांनी शिक्का मारला: "पाय धुतले त्यांचे. कडुनिंबाचं पाणी करून." साऱ्या देवळातून एक ओला 'आमेन' उठला. त्या आमेनची चव त्यांना मोसंब्यांपेक्षा गोड लागली. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी खाट अंधारातून खिडकीशी हलवली, त्याच्याही पुढच्या रविवारी गीत म्हटलं, "वडील म्हणायचे ते." तशी ही त्यांची पहिलीच वेळ नव्हती म्हणा. नवलाख उंब्रे गावातल्या बाळंतिणीकडे, कामशेतच्या अर्धांगवायू झालेल्या शिक्षिकेकडे, कुठे कुठे त्या अशा जाऊन आल्या होत्या. फोन तर करत असत. फोनही भेटच.

लोणावळ्याच्या भांगरवाडीतल्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत. जेवणाच्या टेबलाच्या वर भिंतीवर, बऱ्याच ख्रिस्ती घरांत असते तशी, एक जुनी पाटी होती: या घराचा धनी प्रभू आहे, प्रत्येक पंगतीला तो न दिसणारा पाहुणा आहे, आणि इथलं प्रत्येक बोलणं तो गुपचूप ऐकतो, अशा अर्थाची. नवरा होता तेव्हा अनघाबाई म्हणायच्या, "पाहुणा असावा तर असा, भाजीत मीठ कमी आहे म्हणत नाही." त्या दिवशी बाजारातून आल्यावर त्या टेबलाशी बसल्या आणि पाटीकडे पाठ करून जेवल्या. जेवताना खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तो त्यांच्याच खुर्चीचा होता हे त्यांनी दोनदा खुर्ची सरकवून पक्कं केलं. मग हात धुताना त्यांचं लक्ष बोटांकडे गेलं. बोटांची टोकं सुरकुतली होती, मऊ, पांढरी, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. आणि नखांच्या कडांना कडवट हिरवा वास होता. कडुनिंब आवारात होता, वाऱ्यावर वास येतोच, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मोठ्याने बोललेलं इथे कुणीतरी ऐकतं, हे आजवर भिंतीवर लिहिलेलं होतं. ते ऐकून कुणी उठत असेल, शब्द उचलून त्याला कामाला जुंपत असेल, असं काही पाटीवर लिहिलेलं नव्हतं. दाराशी चपलांच्या कप्प्यात त्यांची जुनी, चालण्याची चामड्याची जोडी नव्हती. डाव्या पट्ट्याला स्टेशनवरच्या चांभाराने लाल दोऱ्याने टाका घातलेली ती जोडी उपवासकाळ लागल्यावर थोड्याच दिवसांत नाहीशी झाली होती. कुत्र्याने नेली म्हणून त्यांनी गल्लीतल्या काळ्या कुत्र्यावर आळ घेतला होता, नवी जोडी आणली होती, आणि कुत्र्याची भाकरीही बंद केली होती. आता त्या रिकाम्या जागेकडे बघताना त्यांना वाटलं, त्या गरिबाची एक भाकरी आपल्या नावे निघते की काय.

रात्री मुलीचा, अपेक्षाचा, पिंपरीहून फोन आला. अनघाबाईंनी गोष्ट हसत हसत, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी सांगितली. अपेक्षा हसली नाही. "आई, तू जात असशील आणि विसरत असशील. या वयात होतं. डॉक्टरांना दाखवू या ना." हे अनघाबाईंना बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, विसरणं हा रोग होता, रोगाला गोळी असते. तरी त्यांनी पडताळा घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्या जेवल्या तशा देवळात गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत ईस्टरच्या गीतांच्या सरावात बसून राहिल्या, सारिकाबाईंच्या मांडीला मांडी लावून, मध्ये एकदा उठल्या तर "बघा हं, मी पाणी प्यायला चाललेय" असं सांगून. गुरुवारी त्यांनी नंदाबाईला फोन लावला आणि खिडकीतल्या बाईच्या धूर्तपणाने विचारलं, "अगं, काल दुपारी मी आले तेव्हा माझा चष्मा तिथे राहिला का?" पलीकडे उसाच्या चरकाच्या घुंगरांचा आवाज थांबला. "चष्मा? तुमी काल घातलाच कुटं व्हता? मी मनात म्हनलं बी, आज बाई बिनचष्म्याच्या आल्या, तरी समदं बरुबर दिसतंय त्यास्नी." अनघाबाईंनी हळूच नाकावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. खोली धूसर झाली; आणि त्या धूसरपणात टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर कुणी नव्हतं, हे त्यांना नीट दिसत नव्हतं.

त्या आठवड्यात त्यांना झोपेत सारखा बाप दिसला. दिसला म्हणजे पायच दिसले. याकोब खंडाळ्याच्या घाटात रूळ तपासायचा. खडीवरून चालून चालून त्याच्या टाचा अशा भेगाळल्या होत्या की आई त्यांत मेण भरायची. पायांना तेलाचा, गंजाचा आणि आणखी एका गोष्टीचा वास यायचा, तिला नाव नव्हतं. रोज संध्याकाळी आई परातीत गरम पाणी घेऊन ते पाय धुवायची. अनघा तेव्हा शाळेतून पहिली आलेली, वेणीला रिबीन. असेच उन्हाळ्याचे दिवस, आणि बाप आईला म्हणाला, "तू बस. आज पोर धुईल." त्याने पाय पुढे केले. पोरीने परातीकडे बघितलं, पाण्यावर धुळीचा तवंग आधीच धरायला लागला होता, आणि ती म्हणाली, "उद्या धुते." बापाने तिच्याकडे बघितलं. रागावला नाही. म्हणाला, "बरं, उद्या," आणि स्वतःच वाकून धुतले. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला. पेन्शन खाल्ली, नातीला खेळवलं. रोज संध्याकाळी स्वतःचे पाय स्वतः धुतले, आणि 'उद्या'बद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. मेला असता लगेच, तर अनघाबाईंना रडून मोकळं होता आलं असतं. तो मेला नाही, हाच त्या गोष्टीचा छळ होता. खिडकीची नोकरी लागली तेव्हा त्यांना काय आवडलं असेल, तर लाकडी फळी. फळीच्या खाली माणसाला काय असतं हे बघायची गरजच नव्हती.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी त्यांनी ठरवलं की हे मिटवायचं. सगळ्यांच्या हातांत शिंदीच्या झावळ्या, देवळात ओल्या हिरव्या पात्यांची सळसळ. आणि अनघाबाईंच्या मनात भलतंच भरलेलं. आपल्याकडे कुणी बघत नाही असं त्यांना वाटू लागलं होतं. दारात पाळकसाहेबांनी "सलाम, अनघाबाई" म्हटलं, ते त्यांच्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडे बघत म्हटलं. रिक्षावाला न थांबता गेला. शेजारच्या बाकावर कुणीतरी विचारलं, "अनघाबाई आल्या नाहीत अजून?" कदाचित मस्करीत, कदाचित नाहीच विचारलं. त्यांना वाटलं, ती तिकडची हाडामांसाची झालीय. उन्हातून चालते, पाणी तापवते, तिला लोक पाया पडतात. मग इकडे ही जी मोसंबी खाते आणि पाटीकडे पाठ करून जेवते, ही कोण? साक्षीची वेळ येताच त्या उभ्या राहिल्या. "माझं कार्ल्याचं आता होणार नाही," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतात. दुसरं कुणीतरी जा." पाळकसाहेबांनी मान डोलावली. "बाईंनी फार केलं. आता कोण जाईल?" झावळ्या सळसळल्या. एकही हात वर झाला नाही. अनघाबाई खाली बसल्या. आणि अंगावरून कुणीतरी शाल काढून घ्यावी तसा त्यांच्या पाठीला गारवा लागला.

त्या दिवसापासून बोटांना कसलाच वास आला नाही. खुर्ची वाजली नाही. त्या निवांत झोपल्या, आणि निवांत झोपल्याचं त्यांना भय वाटलं. गुरुवारी दुपारी पाळकसाहेबांचा फोन आला. संध्याकाळी पाय धुण्याचा विधी. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे पाळक त्या दिवशी मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण घरून साबणाने घासून, नखं काढून येतात, हे अनघाबाईंना पाठ होतं. एका वर्षी तर एकीने नेलपॉलिश लावलं होतं. "मी त्यात अडकलोय," पाळकसाहेब म्हणाले, "आणि नंदाबाईंचा फोन आला होता. रविवारनंतर कुणी आलं नाही म्हणतात. म्हातारबाबा दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू देत नाहीत. वास परत सुरू झालाय, ताप आहे. डॉक्टर म्हणाले, आता फार ओढणार नाहीत. तुम्ही... गुडघे कसे आहेत तुमचे?" गुडघे ठणठणीत होते. अनघाबाई पाटीखाली उभ्या होत्या. गेल्या काही रविवारी तोंडातून निघालेलं एक एक वाक्य कुणीतरी उचललं होतं आणि खरं करून दाखवलं होतं. शेवटचंही. होणार नाही म्हणाल्या, आणि तिकडे व्हायचं थांबलं. म्हातारा त्यांच्या खोट्यावर महिनाभर झोपला होता. त्यांच्या खऱ्यावर तो आता मरणार होता. "जाते," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर घाईघाईने, पाटीला ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "म्हणजे मी. मीच जाते."

चैत्र असल्यामुळे कार्ल्याचा फाटा एकविरेला आलेल्या बसगाड्यांनी भरला होता. बेंजो वाजत होते, कोळणींच्या अंबाड्यांवर अबोलीचे गजरे, टपऱ्यांवर झुंबड. त्या गजबजाटातून आत वळलं की पन्नास पावलांवर सगळं एकाएकी गप्प. कापलेल्या भातखाचरांतून वाट, तिच्यावर मऊ, घोट्याएवढी धूळ. नंदाबाईचं घर त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. पाय आपोआप बांधावरून डावीकडे वळले, आणि वळल्यावर अनघाबाईंच्या लक्षात आलं की आपण विचारलं नाही.

नंदाबाई दारात बसली होती. त्यांना बघून ती उठली नाही. "आलाव?" ती म्हणाली. "थट्टा करता व्हय गरिबाची? रविवारी दुपारी तुमीच म्हनला, आता मी येनार न्हाई, दुसरी येईल. मी चार दिस दुसरीची वाट बघतीया. आन आलाव तुमीच."

"आणखी काय म्हणाले मी?"

"म्हनला, ती घाबरंल. खाली बघायची न्हाई. पर तिलाच धुवू द्या, मधी हात घालू नका." नंदाबाईने उंबऱ्याकडे बोट केलं. "आन चपला टाकून अनवानी गेलाव. मागनं हाका मारल्या, वळून बगितलं न्हाई."

उंबऱ्याशी त्यांची जुनी जोडी होती. तळवे झिजून कागद झालेले, कार्ल्याची धूळ शिवणीत बसलेली, डाव्या पट्ट्याला लाल टाका. अनघाबाईंनी आपल्या नव्या चपला तिच्या शेजारी काढल्या आणि आत गेल्या. खाट खिडकीशी होती. जिथे असल्याचं त्यांनी देवळात सांगितलं होतं तिथेच; उन्हाचा तिरका चौकोनसुद्धा त्यांच्या वाक्यातला. वास आला. तो तोच होता, परातीतला, नाव नसलेला. नंदाबाईने परात पुढे सरकवली, पाण्यावर कडुनिंबाची पानं, आणि ती खरोखरच चुलीपाशी जाऊन बसली. अनघाबाई खाली बसल्या. खालून म्हातारा त्यांना उलटा, पायांकडून, दिसला. आधी पाय, मग गुडघे, आणि लांब वर, खिडकीच्या उजेडात, मोतीबिंदूने पांढरे झालेले डोळे. इतकी वर्षं त्यांनी माणसं जिथून बघायला सुरुवात केली तिथे हा माणूस संपत होता. त्यांनी पाय हातात घेतला. तो गरम होता, तापाने, आणि अगदी हलका.

"हात गार हाय," अंबाजी म्हणाला. "रोज येती ती न्हाई तू."

"नाही."

"मंग कोन?"

"अनघा. याकोब गँगमनची मुलगी."

म्हातारा घशातल्या घशात हसला. "खिडकीतली व्हय. तुज्याकडनं तिकीट काढायचो की पुन्याचं, दवाखान्याला. दर टायमाला सांगायचो, पोरी, मी अंबाजी, तुज्या बाच्या गँगचा. तू म्हनायची, पुढं सरका."

त्यांना तो हात आठवला का? हजारो हात आठवले. त्या पाणी घालत राहिल्या. बोटांच्या बेचक्यांतलं काळं त्यांनी कापसाने निपटलं. ओकारी आली, ती गिळली.

"तुजा बा," अंबाजी थांबत थांबत म्हणाला, "दरसाल ह्याच दिसांत घमेल्यात पानी घ्यायचा. खोलीत आमा समद्या गँगवाल्यांचं पाय धुवायचा. आमी लाजायचो, मग हसायचो. म्हनायचो, याकोबा, आमचं तू धुतूस, तुजं कोन धुतं रं?" तो दम खायला थांबला. "म्हनायचा, घरी पोर हाय."

अनघाबाईंनी मान वर केली नाही. पाण्यावर तवंग धरला होता. त्यांनी दुसरा पाय घेतला. मग तोंडातून आपोआप बापाचं गीत निघालं, पहिल्या ओळीनंतर शब्द आठवेनात, तर चुलीपासून नंदाबाईने दुसरी ओळ उचलली, हेल जरा मावळी, बाकी अचूक. आणि तिसरी ओळ, अगदी हळू, बाहेरून, दाराच्या अलीकडून की पलीकडून, कुणीतरी म्हटली. नंदाबाईने तिकडे बघितलंही नाही. तिला सवय असावी. म्हातारा तोवर झोपला होता.

त्या बाहेर आल्या तेव्हा उंबऱ्याशी एकच जोडी होती. लाल टाक्याची. नंदाबाईने खाटेखाली बघितलं, गोठ्यात बघितलं, कपाळावर हात मारला. "नव्या कोऱ्या वो! कुत्र्यानं नेल्या वाटतं."

"कुत्रं नसतं नेत," अनघाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाय जुन्या जोडीत घातले. अंगठ्याने पाडलेल्या खळीत अंगठा बसला.

"उद्या येनार न्हवं?" नंदाबाईने विचारलं. "का परत ती दुसरी?"

आयुष्यभर पानाची पिंक टाकावी तितक्या सहज टाकलेला शब्द आज त्यांच्या जिभेवर जड झाला. "मी येते," त्या म्हणाल्या. आणि तो शब्द कुणीतरी ऐकून, उचलून, या खेपेला परत त्यांच्याच हातात ठेवला, असं त्यांना वाटलं.

बांधावर उन्हं उतरली होती. फाट्याकडे लोणावळ्याची बस भोंगा वाजवत होती. धुळीत नव्या चपलांचे, उंबऱ्यापासून निघालेले ठसे उमटले होते, तळाची नक्षी सुद्धा स्वच्छ. ते फाट्याकडे गेले नव्हते. ते उजवीकडे, कामशेतच्या दिशेने, घाई नसलेल्या पावलांनी पुढे गेले होते. बसने पुन्हा भोंगा दिला. अनघाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग ठशांवर पाय पडणार नाही अशा बेताने, कडेकडेने, त्यांच्या मागे चालू लागल्या. कार्ला एवढं एकच गाव नव्हतं. अनघाबाई आजवर बऱ्याच ठिकाणी अशाच जाऊन आल्या होत्या.